आवाजावरून

रात्री दीडला फोन आला. मी जागाच होतो.
कुत्रा उठला, शटरपाशी जाऊन परत बसला.
पलीकडे वसुधाताई रेगे, स्टेट बँकेतून निवृत्त:
"दिगूभाऊ, माझीच बंद पडली हो.
बाकी सहाही चालू आहेत."
तिथं दुपारचे चार. बोलिव्हिया.
मी बोळीवा म्हणतो, गॅरेजमधली पोरं हसतात.

सहा महिने तयारी करून घेतली ह्यांची.
दर रविवारी पहाटे महूवरून जानापाव,
वर चहा, पोहे, फोटो.
"आपल्या इथं ह्याहून उंच काय," शेवडे म्हणाले,
तर बाकलीवालांनी पोह्यांच्या कागदावरच हिशेब मांडला:
तिथं असे पाच जानापाव, एकावर एक.
हसलो सगळे. पोहे गार झाले.

गाड्या माझ्या नव्हेत. तिथल्याच, भाड्याच्या,
अडीचशे सीसी, जुन्या कार्ब्युरेटरच्या.
मी फक्त माणसं दुरुस्त करून पाठवली.
हातमोजे घालून प्लग कसा काढायचा
हे जसबीरला तीनदा दाखवलं,
चौथ्यांदा त्यानं मला दाखवलं.

"फोन सायलेन्सरपाशी धरा," मी म्हटलं,
"किक मारा. बोलू नका."
घुर्र, घुर्र, आणि एक ओला खोकला.
पुन्हा.
मधे वारं. असं वारं मी ऐकलं नव्हतं,
वाजायला त्याला झाड नाही, तार नाही, पत्रा नाही.
कुठल्याशा खाणीच्या टॉवरची एकच दांडी.
तुटलं. परत लागलं.

माझा बाप मालवा मिलला, मागावर.
शंभर माग चालू असताना
एकाचा तुटलेला धागा त्याला ऐकू यायचा,
घरी आम्ही मारलेली हाक यायची नाही.
बायको म्हणते, वाटणीत तुम्हाला तेवढेच कान आले.

"हवा कमी पडतेय तिला.
पेट्रोल तेवढंच जातंय, हवा पाऊणसुद्धा नाही.
प्लग काढा. काळा असेल."
"काळा कसला, काजळ आहे," हे शेवडे.
"पुसा. मिळेल त्यानं."
(भाच्याच्या मुंजीतलं उपरणं, ताईंनी गळ्याला गुंडाळलेलं.
हे नंतर कळलं.)
"एअर फिल्टर काढून पिशवीत ठेवा.
घाट उतरेपर्यंत घेऊ दे तिला उघड्या तोंडानं श्वास.
खाली आलात की परत बसवा, नाहीतर धूळ खाईल."

मग उगाच विचारलं, "आणि तुम्हाला? पुरतेय का हवा?"
कुणीच बोललं नाही.
वारं, आणि वाऱ्यात सात माणसांचे श्वास,
आखूड, जिना चढून आल्यासारखे.
"डोकं ठणकतंय," ताई म्हणाल्या. "पण दिगूभाऊ,
इथं एक तळं आहे. लाल. आत पक्षी उभे आहेत,
आणि घरी सगळे झोपलेत, म्हणून तुम्हाला सांगते."

लाल म्हणजे कसलं लाल, मी विचारलं नाही.
मला एकच येतं, जुन्या टाकीवरचं चेरी,
हातानं पुसलं की खालून वर येणारं.
तेच भरलं मी त्या तळ्यात.

किक. एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा तिनं धरलं.
मी डोळे मिटून ऐकलं: टॅपेट वाजतायत,
चेन सैल आहे,
पण हे आत्ता सांगायचं नसतं.

फोन बंद करायला विसरले, कुणाच्या तरी खिशात तो तसाच.
मला वाटलं आवाज लांब लांब जाईल.
गेला नाही. फोनही निघाला होता ना त्यांच्याबरोबर.
सात गाड्या, आणि वळणावर माझाही खांदा जरा कलला,
इथं, जुन्या इंदुरात, स्टुलावर.
तीन मिनिटं असतील.
मग दांडी गेली.

कुत्र्याला पाणी ठेवलं.
सकाळी आठला एक स्कूटी यायची होती, मिस मारते म्हणे.
तिच्याच कार्डावर, कोपऱ्यात लिहून ठेवलं:
ताई. चेन. खाली उतरल्यावर सांगणे.